बकारामच्या तोंडी घातलेलं

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, थोरल्या भावालाही नाही, आणि त्याच्यापासून तर माझं काहीच लपत नसे. तुम्हालाच का सांगतोय? कोण जाणे. तुम्ही त्या गावचे नाही म्हणून असेल.

माझा हात सुबक. नागपुरात इंजिनिअरिंगला होतो तेव्हा मास्तर माझे नकाशे दुसऱ्या पोरांना दाखवायचे, आणि मी त्यावर फुगायचो. शेवटच्या वर्षी एक आराखडा करून परीक्षकांपुढे मांडायचा होता. मालगुजारी, म्हणजे आमच्याकडची जमीनदारी, नुकतीच गेली होती, गावोगावचे तलाव सरकारकडे आले होते. मी आरमोरीकडचा, माझ्या मामाच्या गावचा तलाव निवडला. त्याला नवा सांडवा — म्हणजे तलाव भरल्यावर जास्तीचं पाणी बाहेर जायची वाट. ती अरुंद पडली तर पाणी पाळीवरून, तलावाच्या बांधावरून, जातं, आणि मातीची पाळ मग राहत नाही. यात न कळण्यासारखं काय आहे?

सांडवा किती रुंद ठेवायचा, ते आजवर पाणी कुठवर चढलं यावर ठरतं. धुण्याच्या दगडावर शेवाळाची रेघ होती, तीच मी धरली. कुणाला विचारलं नाही. तीन आठवडे खपून सगळे नकाशे शाईने पुरे केले.

परीक्षेला चार दिवस होते. उगाच शेवटचा फेरा म्हणून गावी गेलो, तर बकाराम भेटला. जातीने ढीवर, जन्मभर त्याच तलावात मासे धरलेले. तो मला काठावरच्या मोहाच्या झाडाकडे घेऊन गेला. बुंध्यावर छातीइतक्या उंचीला होडीची दोरी घासल्याची खूण होती.

"मोठ्या पुराच्या साली डोंगा इथी बांधलो होतो," तो म्हणाला. "पाणी इथवरी होता. सांडवा लहान नोको करू, भाऊ."

मी मोजलं. माझ्या रेघेपेक्षा अडीच फूट वर. म्हणजे माझा सांडवा दुपटीहून रुंद हवा होता — म्हणजे सगळं गणित, सगळे नकाशे पुन्हा. मास्तरांकडे आठवडा मागता आला असता. पण मग पहिला नंबर? त्याचं काय?

परीक्षकांनी नेमकं त्याच रेघेवर बोट ठेवलं. ही पातळी कुणी दाखवली? शेवाळ म्हणालो असतो तर हसले असते. मी म्हणालो, गावच्या ढिवराने, बकारामने. परीक्षक खूश झाले. अनुभवी माणसाला विचारलंस, बरं केलंस, तसं अहवालात लिही, म्हणाले. मी लिहिलं. माझ्या त्या सुबक अक्षरात.

इथेच थांबलं असतं तर? पण आराखडा आवडला, खात्याकडे गेला, आणि त्यावरून सांडवा खरोखर बांधला गेला. मी तेव्हा राजुऱ्याला ओव्हरसियर होतो. बांधकाम चाललंय हे मला ठाऊक होतं. एक पोस्टकार्ड पुरलं असतं. दोन पावसाळे मी ढगांकडे बघत काढले, आणि दोन्ही सुखरूप गेले तेव्हा — लाज वाटते सांगताना — मला वाटलं, चला, निभावलं.

तिसऱ्या वर्षी, भादव्यात, पाळ फुटली. पाऊस सकाळीच थांबला होता, म्हणून बाया पाळीखालच्या बांध्यांत, धानाच्या शेतांत, निंदायला गेल्या होत्या. त्यातल्या दोघी सापडल्या नाहीत.

चौकशी पाळीवरच झाली. मलाही बोलावलं होतं. साहेबांनी माझा अहवाल मोठ्याने वाचला, आणि सगळं गाव बकारामकडे वळलं.

"मी असा नाई सांगतलो, साहेब," तो म्हणाला. "मी झाड दाखवलो होतो."

साहेबांनी मला विचारलं. मी म्हणालो, यांनी धुण्याचा दगडच दाखवला होता. आवाज अडखळलासुद्धा नाही.

कुणी त्याला हात लावला नाही. फक्त त्याचे मासे घेणं बंद झालं, त्याच्याशी बोलणं बंद झालं. शेवटी तो ब्रह्मपुरीला लेकीकडे राहायला गेला. मला बढती मिळाली.

बऱ्याच वर्षांनी ब्रह्मपुरीच्या बाजारात एक बाई माझ्यासमोर उभी राहिली. तलावाचे साहेब तुम्हीच ना, म्हणाली. बकारामची लेक. मी घाबरलो, पण ती रागावलेली नव्हती.

"बाबा मरेवरी एकच विचारे," ती म्हणाली. "मी खरंच तो गोटा दाखवलो असन का वं? साहेब लोक खोटं काऊन बोलन? मलेच याद नसन." मग तिने मलाच विचारलं, "तुमाले तं याद असन ना, साहेब?"

मी म्हणालो, "फार वर्षं झाली, बाई. मलाही आठवत नाही."