आढ्याला टांगलेला मुडा

तांदळाच्या डब्यात कडुनिंबाचा पाला घालते, तेव्हा त्या वासाने मी पोशीर गावातल्या आमच्या घरात पोचते. पेरणी झाली की आई उरलेलं बियाण्याचं भात असाच पाला घालून पेंढ्याच्या मुड्यात बांधायची आणि आढ्याला टांगायची. मला तो तिचा हट्ट वाटायचा. बाबा हसायचे, "नदी काय घरात येनार हाय?"

एका आषाढात नदी भरदुपारी घरात आली, कमरेइतकी. आम्ही टेकाडावरच्या शाळेत बसून राहिलो. परतलो तर चूल विरघळलेली, शेतातली रोपं वाहून गेलेली. मुडा तेवढा कोरडा होता. बाबांनी तो उतरवला आणि पुन्हा पेरणी केली.

पुढच्या वर्षी दोरी घेऊन तेच शिडीवर चढले. खालून मुडा देताना आई म्हणाली, "कशाला? नदी काय घरात येनार हाय?"

"गप गं," बाबा म्हणाले, "गाठ मारू दे."