बायजाबाईचा हिरवा दोरा

कामतघरच्या आमच्या चाळीत बायजाबाई राहायला आली, तेव्हा तिच्याबरोबर एक ट्रंक आणि दोन हंडे होते. जाडजूड पुस्तक मागाहून आलं. ख्रिस्ती लोकांचं पवित्र शास्त्र. तिला त्यातलं एक अक्षर वाचता येत नव्हतं. मला येतं, पण चढावर बैलगाडी जाते तसं. चौथी शिकले, त्यातही अर्धं वर्ष म्हैस राखण्यात गेलं.

बायजा खारबावकडची. लूमच्या कारखान्यात कांड्या भरायची, म्हणजे मागाच्या धोट्यात बसवायचा दोरा गुंडाळायची. कुठली कांडी कुठल्या मागाची, हे ती आकड्यांवरून नाही, रंगीत दोरा बांधून ओळखायची. इतक्या वर्षांत तिची कांडी कधी चुकली नाही.

नवरा लडकू खाडीकडेला हातभट्टी लावायचा. एका वर्षी त्याची दारू पिऊन गावातले दोघे आंधळे झाले. पोलीस आले तसे गेले. लडकू पुढे काविळीने वारला. मुलगा राघो वळ गावच्या गोदामात कामाला लागला, त्याचं लग्न झालं, आणि कुणाल जन्मला. पोर हसरं, पण पाय सुतळीसारखे. चार वर्षांचा झाला तरी उभा राहीना.

बाळंतपणात सून माधवी महिनाभर इस्पितळात होती. तेव्हा प्रार्थनेवाल्या बायकांनी तिचं सगळं केलं. तेव्हापासून बायजा त्यांच्यात जायला लागली, ते पुस्तकही त्यांनीच दिलं. मी एकदा म्हटलं, "आपले तेहतीस कोटी कमी पडले का गं तुला?"

"त्यातला एक तरी डबा घेऊन आला का, आक्का?"

डबा घेऊन मीही गेले नव्हते.

२००४च्या उन्हाळ्यात एका रविवारी प्रार्थनेत पास्टरने वाचलं, की देव बापाच्या पापाची शिक्षा मुलांना देतो, तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत. बायजा घरी आली ती बोटांवर मोजत. "लडकू, राघो, कुणाल. बसतंय बघ बरोबर." मग हळूच म्हणाली, "आणि दारूचे डबे मीच वाहायची गं. भाजीच्या टोपलीत खाली घालून." हे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं.

पुढच्या रविवारी मला ओढतच घेऊन गेली. पास्टर कल्याणहून स्कूटरवर यायचा. तरुण, भला माणूस. त्यानं सगळं ऐकून घेतलं, बरीच पानं उलटली आणि तिच्याच पुस्तकात दुसरी जागा वाचून दाखवली. जो पाप करील तोच मरेल. मुलगा बापाच्या पापाचा भार वाहणार नाही.

बायजाचा चेहरा फुलला आणि तिथल्या तिथे पडला.

"हे खरं, तर मग ते खोटं?"

"दोन्ही खरं, मावशी. दोष ज्याचा त्याचाच. पण माणूस चुकला की त्याचे परिणाम घरादाराला भोगावे लागतात. तिकडे परिणामाचं सांगितलंय, इकडे दोषाचं."

"मग आमच्या कुणालचे पाय कशात धरायचे? दोषात का परिणामात?"

पास्टर म्हणाला, "ते मला सांगता येणार नाही, मावशी. मी प्रार्थना करतो." खोटं बोलला नाही, एवढं त्याच्या बाजूनं सांगते.

बायजानं कनवटीचा हिरवा दोरा काढला आणि पास्टरचं बोट होतं त्या दुसऱ्या जागी घातला. म्हणाली, "हे पान माझं. ते पान कोणाला पायजे त्यानं घ्यावं."

तेव्हापासून रोज दिवेलागणीला ती दोऱ्यापाशी पुस्तक उघडायची आणि ते पान कुणालच्या पायांवर पालथं ठेवायची. पोर म्हणायचं, "आजी, जड हाय!" शनिवारी मी जाऊन ते पान वाचून दाखवायची. अडखळत, अक्षर लावत. ती डोळे मिटून ऐकायची.

आता माझा शहाणपणा सांगते. पुस्तकाची पाठ फाटली होती. शाळा सुरू व्हायच्या वेळी माझी नात रुचिका वह्यांना कव्हरं घालत होती, म्हणून मी बायजाला म्हटलं, आण गं तुझं पुस्तक, त्यालाही घालू. कव्हर घालताना दोरा निसटला. मी घाबरले नाही. बापाच्या पापाचं आणि मुलांचं जिथं लिहिलंय तिथं तो होता, हे मला पाठ होतं. पहिल्या पानापासून शोधायला लागले. दोन दुपारी गेल्या, पण सापडलं. बाप, पाप, मुलं, सगळं होतं. ओळ पुरी करायचा कंटाळा केला आणि दोरा घालून दिला.

माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होताच; त्या दोन दुपारींनंतर अक्षरच लागेना. शनिवार बंद पडले. दसऱ्याच्या सुमारास ऑपरेशन झालं, नवा चष्मा आला, आणि त्याच आठवड्यात राघो-माधवी कुणालला मुंबईच्या मोठ्या डॉक्टरकडे नेऊन आले. पोर चालणार नाही, डॉक्टरनं स्वच्छ सांगितलं.

संध्याकाळी बायजानं हाक मारली. "आक्का, आज वाच गं. तुझ्या तोंडून बरं वाटतं."

तिनं पोराच्या पायांवरचं पुस्तक उचलून माझ्या हातात दिलं. हिरवा दोरा जागेवर होता. नव्या चष्म्यातून अक्षरं टपोरी दिसत होती. 'बापाच्या पापाबद्दल मुलांना...' मी पुढं गेले. तिसरी पिढी. चौथी पिढी.

चार महिने ती रोज हेच पान पोराच्या पायांवर ठेवत होती. ठेवायला दिलं होतं मी.

सांगितलं तर ही बाई काय करील? पोराचे पाय आपण रोज शापाखाली ठेवले म्हणून ऊर बडवील. नाही सांगितलं तर उद्या पुन्हा हेच पान. मी नजर पानावरच ठेवली आणि दुसरं पान, तिचं पान, तोंडपाठ म्हटलं. मुलगा बापाच्या पापाचा भार वाहणार नाही. शेवटपर्यंत म्हटलं.

बायजानं डोळे उघडले.

"आज कुठंच अडखळली न्हाईस गं."

"नवा चष्मा आहे," मी म्हटलं.

तिनं पुस्तक माझ्या हातातून घेतलं. दोऱ्यावरून अंगठा फिरवला, कांडीचा दोरा चाचपतात तसा. मी वाचलं नाही, तोंडपाठ म्हटलं, हे तिनं ओळखलं असावं. मग तेच पान उघडून पोराच्या पायांवर पालथं ठेवलं.

"आजी, जड हाय," कुणाल म्हणाला.

"असू दे, बाबा," ती म्हणाली आणि हात पुस्तकावर तसाच ठेवून बसली. मीही बसले. उठून जायचं तर काय सांगून जायचं, ते मला सुचेना.