समुद्र दिसत नाही, ऐकू येतो

"घेणारा घाबरतो कशाला, ते आधी सांगा मॅडम," असं म्हणून चाचा चष्मा काढून कीबोर्डवर ठेवायचे. मी उत्तर देईपर्यंत चष्मा तिथेच. म्हणजे टायपिंग बंद.

अलिबागला आमचं तीन टेबलांचं ऑफिस होतं. आसपासचे होमस्टे, भाड्याचे बंगले, घरगुती मसालेवाले यांच्या ऑनलाइन जाहिराती आम्ही करायचो. मजकूर मी लिहायचे. मराठीत एम.ए., वर जाहिरातलेखनाचा ऑनलाइन कोर्स. त्याचं प्रमाणपत्र लॅमिनेट करून टेबलामागच्या भिंतीवर लावलेलं. चाचा मुरुडचे, पन्नाशी उलटलेले. आखातात एका दुकानात वीसेक वर्षं सेल्समन होते. परत आल्यावर घरी बसवेना, म्हणून ओळखीने आमच्याकडे आले. मालक मला म्हणाले, "यांना जाहिरात लिहायला शिकव."

मी उत्साहाने शिकवलं. मथळा पकडणारा हवा, वाक्यं सुटसुटीत हवीत, शेवटी 'आजच बुक करा' हवंच. चाचा सगळं वहीत उतरवून घ्यायचे आणि मग चष्मा काढायचे.

"तिकडं दुकानात," ते सांगायचे, "दोन वर्षांनी घरी निघालेला मानूस ब्लँकेट हातात घेऊन उभा राहायचा. घेत न्हाय, ठेवत न्हाय. सगळ्यांना वाटायचं, किमतीला घाबरलाय. तो घाबरायचा बायकोला रंग आवडेल का, याला. मी बोलायचो, न्हाय आवडला तर पुढच्या खेपेला घेऊन ये, मी हितंच हाय. झालं, घ्यायचा."

"मग परत आणलं का कुणी?"

"आला ना एकजण. तसंच अजून एक पायजे म्हनून."

मी खूप हसले होते. तेव्हा हसायला काही जात नव्हतं. त्यांची एकही जाहिरात अजून बाहेर गेली नव्हती.

मुरुडला एक मावशी घरातल्या दोन खोल्या पर्यटकांना द्यायच्या. नवरा गेल्यावर त्यांचं त्यावरच चालायचं. त्यांची जाहिरात मी लिहिली होती: 'निळ्याशार सागराच्या कुशीत स्वर्गीय विसावा!' महिनाभर फोन वाजला नाही. मालकांनी ते काम चाचांकडे दिलं. चाचा एसटीने गेले, मावशींकडे जेवले, दुपारभर ओटीवर बसले आणि दुसऱ्या दिवशी हे लिहून घेऊन आले:

'दोन खोल्या आहेत. एसी एकीतच आहे. समुद्र दिसत नाही, ऐकू येतो. चालत सात मिनिटं. मासा कुठला मिळेल ते आदल्या दिवशी सांगता येत नाही. मिळेल तो मावशी ताजा रांधतात. फोन जरा वाजू द्या. मावशी वाडीतून चालत येतात.'

"ही जाहिरात आहे की तक्रार?" मी म्हणाले.

आठवड्यात दोन्ही खोल्या भरल्या. लोक फोनवर मावशींना म्हणायचे, "सावकाश या हो, आम्ही थांबतो." मालकांनी ती जाहिरात छापून माझ्या प्रमाणपत्राशेजारी चिकटवली. नवं गिऱ्हाईक आलं की विचारायचं, "हे लिहिणारे कोण?" आणि मी बोट दाखवायचे.

तुम्ही कुणावर असं जळला असाल, तर तुम्हाला सांगायला नको. मला चाचांच्या चहा पिण्याच्या आवाजाचाही राग यायचा. त्यांच्या ऱ्हस्वदीर्घाच्या चुका सापडल्या की दिवस बरा जायचा. घरी बसून मी त्यांच्यासारखं लिहून पाहायचे. 'खोलीत पंखा आहे.' चाचांनी लिहिलं असतं तर त्या पंख्याखाली कुणी झोपलेलं दिसलं असतं. माझा नुसता पंखाच राहायचा.

मे महिन्याच्या गर्दीआधी मावशींची जाहिरात पुन्हा टाकायची होती. शुद्धलेखन तपासायला फाइल माझ्याकडे आली. मी वेलांट्या सुधारल्या. मग 'समुद्र दिसत नाही, ऐकू येतो' हे खोडलं आणि लिहिलं, 'खोलीतून समुद्रदर्शन'. बरं वाटलं.

त्या शनिवारी पुण्याहून एक कुटुंब आलं. आजोबांना चालवत नव्हतं, म्हणून खिडकीतून समुद्र दाखवायला आणलेलं. खिडकीसमोर नारळाची वाडी. आजोबांचा मुलगा मावशींवर ओरडला, फसवणूक म्हणाला आणि इंटरनेटवरही तेच लिहून मोकळा झाला. मावशींचा ऑफिसात फोन आला. रडत होत्या. "मी कवा कुनाला खोटं न्हाय सांगितलं हो."

मालक चाचांवर भडकले. चाचांनी फाइल उघडली. कुणी काय बदललं ते तिथे दिसतं, हे मीच त्यांना पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं. बदललेली ओळ वाचून त्यांनी चष्मा काढून कीबोर्डवर ठेवला. माझ्याकडे वळले नाहीत.

"चूक माझी," ते म्हणाले. "टाकायच्या आधी वाचायला पायजे होती."

मी मान खाली घालून टाइप करत राहिले. काय टाइप करत होते, देव जाणे.

दुसऱ्या दिवशी चाचा मावशींकडे जाऊन माफी मागून आले. महिना संपेपर्यंत कामावर होते, मग मुलाने मस्कतला बोलावून घेतलं. निघताना मला मिठाई देऊन गेले.

दिवाळीनंतर मी मुरुडला गेले. मावशी अंगणात सुपारी वाळत घालत होत्या. मी सगळं सांगितलं. त्यांनी हातातलं काम थांबवलं नाही.

"ठाव हाय मला," त्या म्हणाल्या. "चाचा बोलले होते. मॅडम चांगली लिवते, घाईत चुकलं तिचं, तिच्यावर रागवू नका. चल, जेवून जा."

परतीच्या एसटीत मी चाचांना मेसेज लिहायला घेतला. कारणं लिहिली, खोडली. क्षमायाचना की काय ते लिहिलं, तेही खोडलं. शेवटी एवढंच पाठवलं: 'मावशींकडे जाऊन आले. ती ओळ मी बदलली होती.'

रेवदंड्याच्या पुलावर उत्तर आलं. 'माहीत हाय. मावशीनं जेवायला काय केलं होतं?'

मी मोबाइल मांडीवर उलटा ठेवला. लाज वाटली, रडूही आलं. पण खरं सांगायचं, तर त्याच्याही आधी मनात आलं ते हेच की, असं उत्तर मला कधी सुचलं नसतं.