दोन बोटांवरचं भोक

गल्लीत त्यांना सगळे मिस्त्री म्हणत, आणि बायकोला मिस्त्रीणबाई. मग ती दिवसभर शिलाई मशीनवर लोकांच्या पँटी आखूड करत बसलेली का असेना. नळ दुरुस्त करण्यात मिस्त्रींचा हात धरणारा कुणी नव्हता. शेजाऱ्याच्या मोरीत टपटप वाजलं तरी त्यांच्या घशाखाली घास उतरत नसे.

बाईला नाद एकच, ऑर्किडचा. फुलवाला फुलं झडलेली रोपं फेकून द्यायचा, ती बाई उचलून आणायची. कुंड्यांचा खर्च परवडणार कुणाला? रंगाऱ्याकडचे रिकामे प्लास्टिकचे डबे घासून घ्यायचे आणि मातीऐवजी भाजक्या मातीच्या हलक्या गोळ्या भरायच्या. तळाशी पाणी राहतं, गोळ्या ते वर ओढतात, मुळांना ओल मिळते आणि हवाही. सगळी गोम भोकात. तळापासून दोन बोटांवर एक भोक हवंच, म्हणजे जास्तीचं पाणी खिडकीबाहेर निघून जातं. ती भोकं मिस्त्रींनीच पाडून दिली होती. "जन्मभर भोकं बुजवली, आता बायकोपायी पाडतोय," म्हणत पोट धरून हसलेही होते.

यंदा मात्र ते घरीच बसले. एका गिऱ्हाइकाचा जुना नळ काढला, नवा बसवलाच नाही आणि पाणी सोडून घरी निघून आले. लेक फोनवर म्हणाली, "आई, बाबांना डॉक्टरकडे ने."

"तुझे बाबा पहिल्यापासूनच वेंधळे," बाई म्हणाली. साफ खोटं. मिस्त्री कधीच वेंधळे नव्हते, आणि तीच तर तिची भीती होती.

मग ऑर्किडची पानं लोळायला लागली. बाईनं खत कमी केलं, डबे उन्हातून सरकवले, स्वतःलाच बोल लावले. शेवटी एक रोप उपसलं, तर मुळं काळी, बुळबुळीत, कुजका वास मारणारी. डबा अर्ध्याच्या वर पाण्यानं भरलेला. तिनं तो फिरवून पाहिला. भोकाच्या जागी पांढरा लेप होता, बोटानं फिरवून गुळगुळीत केलेला. एवढी सफाई एकाच हाताची.

"अहो, हे तुम्ही केलंत?"

"मग काय! सगळेच डबे गळत होते."

"पण भोकं पाडली कुणी होती?"

"असेल कुणीतरी गाढव," मिस्त्री म्हणाले, आणि शाबासकीची वाट बघत राहिले.

बाईनं कॉटखालचं ड्रिल काढून त्यांच्या हातात दिलं. "तगलेत तेवढ्यांना परत पाडून द्या. तळापासून..."

तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत त्यांची दोन बोटं तळाशी टेकली होती. एकेक भोक नेमकं पडत गेलं. डबा धरून बसलेल्या बाईला वाटलं, लेक उगाच राईचा पर्वत करते आहे. कुठं काय बिघडलंय?

शेवटच्या डब्यावरची भुकटी फुंकून मिस्त्री उठले. वायर नीट गुंडाळली, दाराशी जाऊन चपला घातल्या.

"झालं बघा ताई तुमचं काम," ते अदबीनं म्हणाले. "परत गळलं तर निरोप धाडा. मिस्त्री म्हणून विचारा, कुणीही घर दाखवेल."

"बसा ना, चहा टाकते," बाई कशीबशी म्हणाली. तिनं दाराला आतून कडी घातली आणि तशाच ओल्या हातांनी लेकीला फोन लावला.