काचवाल्यांची धास्ती

बाजारामागच्या गल्लीत त्यांचं काचेचं दुकान होतं, म्हणून सगळे त्यांना काचवालेच म्हणत. माणूस गप्पिष्ट, तोंडाने फटकळ, आणि घाबरणं आपल्याला ठाऊकच नाही असं दाखवणारा. बायपाससाठी आत नेत असतानाही डॉक्टरांना म्हणाले होते, "रेघ तेवढी सरळ ओढा, बाकी तुमची मर्जी."

ऑपरेशन नीट पार पडलं. छातीवर मधोमध शिवण आणि खोकताना उराशी धरायला एक उशी, एवढं घेऊन ते घरी आले. बायकोने पुढच्या खोलीत पलंग टाकला, लेकीने गोळ्या वेळेप्रमाणे लावून दिल्या. सगळं सुरळीत चाललं होतं. पोट तेवढं साफ होत नव्हतं.

घरी सोडताना डॉक्टर जाता जाता म्हणाले होते, "कुंथायचं नाही हं, हृदयावर ताण येतो." ते वाक्य काचवाल्यांच्या डोक्यात रुतून बसलं. सकाळी ते संडासात जात. जरा जोर लावला की कानात धडधड ऐकू येई, कपाळावर घाम फुटे, आणि ते भिंतीला धरून उठत.

"झालं का हो?" बायको बाहेरून विचारी.

"झालं."

मग त्यांनी मनाशी हिशोब मांडला. पोटात काही गेलंच नाही, तर बाहेर यायचा प्रश्नच नाही. जेवण चार घासांवर आलं, पाणी घोटभर. चाललं की पोट ढवळतं म्हणून चालणंही सोडलं. पोट टम्म फुगलं. फासळ्यांखाली वायू सरकला तरी त्यांना वाटे, हृदयच निखळलं. दिवसभर मनगटावर बोटं ठेवून नाडी चाचपत ते पडून राहत. हसणं-बोलणं पार आटलं.

एका दुपारी बायको कपडे वाळत घालून आत आली, तर हे संडासाच्या दारापाशी फरशीवर बसलेले, तोंड पांढरंफटक.

"अगंबाई! छातीत दुखतंय का?"

"नाही. उठलो तर डोळ्यांपुढे अंधारी आली." मग खालमानेनं म्हणाले, "मला आत जायची भीती वाटते गं."

ती शेजारी टेकली. 

"बाबा झोपेत गेले असं मी तुला सांगत आलो," काचवाले म्हणाले. "ते खोटं आहे. सकाळी संडासात गेले ते आलेच नाहीत. दाराला आतून कडी. मी तेव्हा काम नुकतंच शिकलो होतो. मागून स्टुलावर चढून झरोक्याची काच मीच काढली. आत पहिल्यांदा मीच पाहिलं. त्यांना तसं कुणी पाहिलं हे लोकांना कळू नये, म्हणून झोपेत गेले म्हणालो. आता आत बसलो की मला वर झरोक्यात कुणीतरी दिसतं."

 संसाराला इतकी वर्षं झाली, पण हे तिला नवीनच होतं. तिने त्यांचा हात घट्ट धरला, दुसऱ्या हाताने लेकीला फोन लावला आणि त्यांना थेट हॉस्पिटलात नेलं.

तिथल्या सिस्टर जुन्याजाणत्या होत्या. रक्तदाब पाहिला, ईसीजीची पट्टी काढून डॉक्टरांना दाखवली. हृदय ठीक होतं. मग आडपडदा न ठेवता त्यांनी विचारलं, "पोट कधी साफ झालं?"

काचवाल्यांनी छताकडे पाहिलं. "आठवडा होत आला."

"आणि मला रोज 'झालं' म्हणत होता ते?" बायको कडाडली.

"बसून झालं, असं म्हणायचं होतं मला."

सिस्टरना हसू आलं, पण लगेच त्या गंभीर झाल्या. "दुखण्याच्या गोळ्यांनी आतडी सुस्तावतात. त्यात तुम्ही पाणी तोडलंत, जेवण तोडलंत, पलंग सोडला नाहीत. मग ती तरी काय करतील?"

डॉक्टरांनी दुखण्याची गोळी बदलली, मल मऊ करणारं औषध दिलं आणि रोज पाणी किती प्यायचं तेही ठरवून दिलं. मनाने दुसरा कुठलाही जुलाब घ्यायचा नाही, असं बजावलं. सिस्टरनी बसायची रीत दाखवली. पायांखाली छोटं स्टूल, उशी छातीशी, अंग जरा पुढे, आणि श्वास कोंडून न धरता तोंडाने सावकाश सोडायचा. "नाही झालं तर उठून या, कुणी मागे लागलेलं नाही. पण छातीत दाब वाटला, दम लागला, अंधारी आली, तर लाजत बसू नका. हाक मारा."

"माझे वडील संडासातच गेले, हृदय बंद पडून," काचवाले पुटपुटले.

"त्यांच्या हृदयाचं दुखणं कुणाला ठाऊक होतं?"

"कुणालाच नाही."

"तुमचं ठाऊक आहे. त्यावर उपचारही झालेत."

दुसऱ्या दिवशी काही झालं नाही. त्यानंतरच्या सकाळी दार किलकिलं ठेवून बायको बाहेर खुर्ची टाकून बसली, पाठ फिरवून. शेजारणीच्या पडद्यांपासून दुधाच्या नासण्यापर्यंत वाटेल ते बोलत राहिली. आत काचवाल्यांनी उशी छातीशी घट्ट धरली होती. कानातली धडधड ऐकत, ओठांचा चंबू करून ते श्वास सोडत होते. मध्येच आत अगदी सामसूम झाली. बायकोने बोलणं थांबवून दाराकडे कान दिला.

"आहात ना?"

 रडवेला, हलका झालेला आवाज आला, "आहे. झालं. खरंच झालं."

"लेकीला कळवते."

"अगं, गावभर दवंडी नको पिटूस!"

हळूहळू ताटात भाज्या, फळं परतली. घरातल्या घरात येरझारा, मग कोपऱ्यापर्यंत, मग दुकानापर्यंत चालणं झालं, आणि दुकानही पुन्हा उघडलं. धास्ती मात्र साफ गेली नाही. कधी कधी नुसत्या ढेकरानेही त्यांचा हात छातीकडे जाई.

पुढच्या तपासणीला लेक सोबत होती. "घरात आधी कुणाला होतं का?" डॉक्टरांनी विचारलं. काचवाल्यांनी लेकीकडे पाहिलं आणि आजोबा कसे गेले ते सगळं तिच्यासमोर सांगितलं. डॉक्टर म्हणाले, मग हिचंही रक्त तपासून घेऊ.

रिपोर्ट येईपर्यंत काचवाल्यांनी दुकान उघडलं नाही. स्वतःच्या ऑपरेशनला चेष्टा करत गेलेला तो माणूस लॅबच्या बाकावर लेकीची पर्स मांडीवर धरून बसला होता, आणि आतून कुणी हाक मारली की दचकत होता. रक्तातली चरबी थोडी वाढलेली निघाली, बाकी ठीक. लेक हसली. काचवाल्यांना काही हसता आलं नाही. तिचा हात धरून ते म्हणाले, "उद्यापासून माझ्याबरोबर चालायला यायचं. कारणं सांगायची नाहीत."