पोरीचं पोट दुखतं, औषध बापाला

आमच्या गावच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंइतकं भलत्याच माणसाला औषध देणारं दुसरं कोणी अख्ख्या चंद्रपूर जिल्ह्यात झालं नसेल. पोराला खोकला असला की त्या आजोबांची विडी बंद करीत. बाळ रात्रभर रडलं की सासूला समोर बसवून घेत. बल्लारपूरला इंटरनेट कॅफे निघाला आणि बाईंना जणू नवी गोळीच सापडली. इंटरनेटवर आईबापांसाठी मराठीतून धडे होते, लेकराशी बोलावं कसं, राग आवरावा कसा. बाई ते चिठ्ठीवर गोळ्यांच्या खालीच लिहून देत: आठवड्यातून एक धडा, जेवणानंतर. तलावावर मासे धरणारी साधी माणसं ती चिठ्ठी मेडिकलवाल्याला दाखवत आणि हे औषध कधी येईल म्हणून विचारत.

माझ्या पिंकीचं पोट रोज संध्याकाळी, नेमकं माझ्या परतीच्या गाडीच्या वेळेला दुखायचं. बाईंनी पोट दाबून पाहिलं, मग बराच वेळ माझ्याकडेच पाहिलं. "भाऊ, हिच्या पोटात काई नाई. तुमी घरी येता म्हून दुखते. धडे तुमालेच घ्यावे लागतीन."

मी नोकरीला बल्लारपूरलाच, कॅफे स्टेशनसमोर. सबब सांगायला जागा नव्हती. गेलो, आणि क्रिकेटचा स्कोअर पाहून परत आलो. पुढच्या खेपेला बाईंनी काय शिकलात म्हणून विचारलं, तेव्हा तोंडाला आलं ते ठोकून दिलं. लेकराशी उभ्यानं बोलू नये, म्हटलं, आधी खाली बसावं.

बाई अशा काही खूश झाल्या की त्या दिवसापासून खुर्ची सोडून प्रत्येक लेकरापुढे फरशीवर बसू लागल्या. अंगानं भारी बाई. उठवायला दोन नर्सबाया लागत, आणि तापातली पोरंसुद्धा हसत. येणाऱ्या प्रत्येक बापाला माझं उदाहरण. "आमच्या भाऊनं इंटरनेटवरून आणलं हे." आणि बाप ऐकतही. हातातलं जाळं टाकून लेकरापुढे उकिडवे बसलेले मी डोळ्यांनी पाहिलेत. मी तेवढा घरी उभ्यानंच ओरडत राहिलो. बाईंची भामरागडकडे बदली झाली, तेव्हा खरं सांगावं लागेल म्हणून निरोपालाही गेलो नाही.

पिंकी आता नागपूरला असते. फोन आईलाच येतो. मागच्या दिवाळीला आली, तर तिच्या पोरानं माझा चष्मा फोडला. मी काही बोलायच्या आत ती त्याच्यापुढे फरशीवर बसली आणि हळू आवाजात बोलू लागली. हे कुठं शिकलीस, मी विचारलं.

"त्या डॉक्टरीणबाई बसत ना अशा, बाबा."

पोरगं आईकडे पाहतच नव्हतं. ते माझ्या हाताकडे पाहत होतं. तो वर गेलेला मला कळलाही नव्हता. मी हात खाली घेतला, आणि भिंतीचा आधार घेत खाली बसू लागलो. फार वेळ लागला बसायला.