डब्यातल्या तीन पोळ्या

चार वर्षं माझ्या पोटाचा सगळा दोष मी एका हळदीवर ढकलला होता. आमच्या शाळेतल्या मावशींच्या मुलीची हळद, कासूच्या पलीकडे खाडीकडच्या मिठागरांच्या गावात. तिथे मी दोन तांबे पाणी प्यायले आणि पुढचे आठ दिवस घरातल्या सगळ्यात लहान खोलीत काढले.

त्यानंतर पोट ताळ्यावर आलंच नाही. फुगायचं, धावायचं, वजन उतरायचं. ‘मिठागरवाल्यांचं पाणी बाधलं,’ हे मी पेणमध्ये भेटेल त्याला सांगितलं. त्याआधी मधल्या सुट्टीत मावशी मला अर्धी तांदळाची भाकरी द्यायच्या, मी त्यांना अर्धी पोळी. हळदीनंतर ते बंद. माझी बाटली आणि माझ्या डब्यातल्या तीन पोळ्या. घरचं, स्वच्छ!

शेवटी रोह्याच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, दुर्बीण घातली आणि सांगितलं, सीलिॲक. गहू पोटात गेला की तुमचं शरीर स्वतःच्याच आतड्यावर तुटून पडतं. पोळी आजपासून बंद.

“पण सुरुवात त्या पाण्यानेच झाली ना?” मी हट्टाने विचारलं.

“मुळात तो कल तुमच्या अंगातच असतो. एखाद्या विषाणूने ठिणगी पडते, असा संशय आहे, खात्री नाही. आणि तो कुठल्या पाण्यातला, तुमच्या घरचा की बाहेरचा, हे आता कोणीच सांगू शकणार नाही. हळदीला आणखी कोण आजारी पडलं होतं?”

हे मी चार वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं. दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, हे मुलांना शिकवणारी बाई मी! परतताना नागोठण्यापर्यंत मला स्वतःची नुसती लाज वाटत होती.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत डबा न घेताच मावशींच्या शेजारी जाऊन बसले. सगळं सांगितलं, माफी मागितली आणि विचारलं, “थोडी भाकरी मिळेल?”

त्यांनी फडकं सोडलं. आत दीड भाकरी होती.

“अर्धी जास्तीच आनते मी, बाई. सवय हाय. तुम्ही घेत नाय, मग घरी नेऊन कोंबड्यांना घालते.”

चार वर्षं माझ्या वाटणीची भाकरी मावशींच्या कोंबड्यांनी खाल्ली होती.